संस्कृती, ओळख आणि रोजचं वागणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृती म्हणजे नेमकं काय? सण, पोशाख, संगीत एवढंच का?

हा तिचा वर दिसणारा भाग झाला. 1871 साली एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने केलेली व्याख्या अजूनही उपयोगी पडते: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर साऱ्या क्षमता व सवयी यांचा मिळून झालेला गुंता. यातला कळीचा शब्द 'मिळवलेल्या' हा आहे. जन्माने मिळतं ते शरीर. संस्कृती शिकावी लागते.

एखादी गोष्ट संस्कृतीत मोडते का, हे पाहायचं असेल तर तीन प्रश्न विचारा. ती शिकलेली आहे का? गटातल्या बऱ्याच जणांत ती सारखी आहे का? आणि ती पुढच्या पिढीकडे जाते का? शिंक येणं हा शरीराचा धर्म. शिंकताना तोंड कुठे वळवायचं, नंतर माफी मागायची की काहीच झालं नाही असं दाखवायचं, शेजारच्याने काही म्हणायचं की नाही, हे सगळं शिकलेलं. आणि हे शिकवणारं माणूस कोण होतं, ते सहसा कुणालाच आठवत नाही. पोशाख आणि संगीत बदलणं त्या मानाने सोपं असतं. आपण शिकलो हेच ज्यांच्या बाबतीत विसरलो, त्या गोष्टी जास्त खोल रुजतात.

हे शिक्षण कोणत्या वयात होतं?

आपल्या अंदाजापेक्षा खूपच लवकर. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच आणि जर्मन घरांत जन्मलेल्या, जेमतेम काही दिवसांच्या 60 बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं होतं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा होता, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. दोन्ही भाषांच्या बोलण्याचे हेलही तसेच आहेत. म्हणजे पोटात असतानाच कान तयार होऊ लागलेला असतो.

दुसरं उदाहरण मराठी वाचकाला तोंडाने म्हणून पाहता येईल. 'त' म्हणा, मग 'ट' म्हणा. जीभ पहिल्यांदा दातांना लागते, दुसऱ्यांदा मागे टाळूकडे वळते. फरक इतका ढळढळीत आहे की तो न ऐकू येणारा माणूस असेल हे पटत नाही. 1984 साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतला हाच फरक इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना ऐकवला. 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना तो बहुतांशी कळला. 10 ते 12 महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. कान अधू झाले नव्हते. भोवतालच्या माणसांना ज्या फरकाची गरज नाही, त्याकडे लक्ष देणं बाळांनी सोडून दिलं होतं.

पुढे बहुतेक शिकणं नक्कल करूनच होतं. 2005 सालच्या एका प्रयोगात चिंपांझी आणि 3-4 वर्षांची मुलं यांना पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते दाखवलं, आणि दाखवताना मुद्दाम काही निरुपयोगी हालचाली घातल्या. पेटी पारदर्शक असली, म्हणजे ती हालचाल फुकट आहे हे दिसत असलं, की चिंपांझी ती गाळायचे. मुलं मात्र ती तशीच्या तशी करायची. आमच्या मते संस्कृती टिकण्याचं रहस्य इथे आहे: 'का' ते न कळता 'कसं' ते जपून ठेवण्याची माणसाची तयारी. कारण हरवलं तरी रीत चालू राहते, ती यामुळेच.

'मी कोण' या उत्तरात संस्कृती कुठे असते?

हे घरच्या घरी तपासता येतं. 1954 साली मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी एक साधी चाचणी मांडली. कागदावर 1 ते 20 आकडे घाला. प्रत्येक आकड्यापुढे 'मी' ने सुरू होणारं एक वाक्य लिहा. वेळ 12 मिनिटं. मागे जाऊन खाडाखोड करू नका, जे सुचेल ते लिहा.

झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे खूण करा. नातं, गट, हुद्दा किंवा भूमिका सांगणारं वाक्य ('मी धाकटी मुलगी आहे', 'मी शिक्षक आहे') असेल तर 'ग'. स्वभाव, आवड किंवा कौशल्य सांगणारं ('मी हट्टी आहे', 'मी गणित पटकन सोडवतो') असेल तर 'स्व'. प्रसंगावर अवलंबून असणारं ('मी घरी गप्प असतो, मित्रांत बोलका') असेल तर 'प्र'. आता मोजणी करा, आणि पहिल्या पाचांत काय आलं ते वेगळं पाहा.

1991 साली हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी मांडलं की काही समाजांत माणसाचा 'मी' हा इतरांपासून सुटा, स्वतःच्या गुणांनी पूर्ण असा मानला जातो. काहींत तो नात्यांतूनच आकार घेतो. पहिल्या प्रकारात वाढलेल्यांच्या कागदावर 'स्व' जास्त येण्याकडे कल असतो, दुसऱ्यात 'ग' आणि 'प्र'. कल म्हणजे सरासरी. एकाच घरातल्या दोन भावंडांचे कागद अगदी वेगळे निघू शकतात.

चाचणीत चुका होतात त्या अशा: नोकरीच्या ठिकाणी बसून लिहिलं तर हुद्दे वाढतात, कुटुंबात बसून लिहिलं तर नाती वाढतात. कागद दुसरं कुणी वाचणार असेल तर स्वभावाचे चांगले गुण वर येतात. दोन भाषा येत असतील तर एकदा एकीत आणि आठवड्याने दुसरीत लिहून पाहा. यादी बऱ्याचदा बदलते. म्हणून एका कागदावरून निष्कर्ष काढू नये. किमान दोन ठिकाणी, दोन वेळा लिहावं.

भाषेमुळे विचार बदलतात का?

भाषा विचारांना कोंडून ठेवते, हे मत आता फारसं कुणी धरत नाही. पण कशाकडे लक्ष द्यायलाच हवं, हे भाषा ठरवते. मराठीत 'आम्ही जातोय' म्हटलं की ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण जाऊया' म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम चालतं. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला दर वेळी, नकळत, एक निर्णय घ्यावाच लागतो: समोरचा माणूस आपल्यात आहे की बाहेर?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागातल्या गुगू यिमिथिर भाषेत जागा सांगताना डावं-उजवं वापरत नाहीत, दिशा वापरतात. कप तुमच्या 'उत्तरेला' असतो. अशी भाषा बोलायची तर दिशांचं भान कायम जागं ठेवावं लागतं, आणि ते भान तिथल्या भाषकांत खरोखर असल्याचं स्टीफन लेव्हिन्सन यांच्या कामातून दिसलं.

एका माणसाची संस्कृती एकच असते का?

नाही. प्रदेश, भाषा, धर्म, पेशा, पिढी, शिक्षण या प्रत्येकाची स्वतःची रीत असते, आणि माणूस दिवसभरात त्यांतून ये-जा करत असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची बोलण्याची पद्धत दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांशी जितकी जुळते, तितकी शेजारच्या घराशी जुळेलच असं नाही.

दोन संस्कृती आतून माहीत असलेली माणसं प्रसंगाप्रमाणे चश्मा बदलतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांत काहींना आधी चिनी प्रतीकं दाखवली, काहींना अमेरिकी. मग चित्र दिलं: माशांचा थवा, आणि एक मासा सगळ्यांच्या पुढे. तो पुढे का? तो म्होरक्या आहे म्हणून, की मागचे त्याला रेटताहेत म्हणून? चिनी प्रतीकं पाहिलेल्यांनी गटाचा दाब हे कारण जास्त दिलं. डोळे तेच, चित्र तेच. आधी काय जागं झालं होतं एवढाच फरक.

मूल्यं सांगतात तसंच लोक वागतात का?

पुष्कळदा नाही. 1934 साली रिचर्ड लापिएर यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. अमेरिकेत चिनी लोकांविरुद्ध उघड पूर्वग्रह असताना ते एका चिनी जोडप्यासोबत देशभर फिरले. 251 हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, 'चिनी पाहुणे घ्याल का?' उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' कळवलं. कागदावरचा माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यांच्याशी वागणं वेगळं असतं. उलट दिशेनेही हेच घडतं: तोंडाने समतेचा पुरस्कार आणि प्रत्यक्षात दार बंद.

मूल्यं म्हणजे चांगल्या गोष्टींची यादी असं समजलं की गोंधळ होतो, कारण यादी सगळीकडे जवळपास सारखीच निघते. शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 साली दहा मूल्यगट मांडले: सुरक्षितता, परंपरा, अनुरूपता, परोपकार, सर्वकल्याण, स्वयंनिर्णय, नवेपणाची ओढ, सुख, यश, सत्ता. बहुतेक समाजांत ही सगळी ओळखीची आहेत. फरक पडतो तो क्रमात, म्हणजे दोन चांगल्या गोष्टींत टक्कर झाली की कोणती सोडली जाते यात. म्हणून 'तुम्हाला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. सगळे हो म्हणतील. 'मित्राने चूक केली आणि साक्षीदार फक्त तुम्ही, तर काय कराल?' असा प्रश्न विचारला की क्रम उघडा पडतो.

आणि काही बाबतींत फरकापेक्षा साम्यच थक्क करतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 40 देशांतल्या 355 शहरांत 17,000 हून जास्त 'हरवलेली' पाकिटं बँका, हॉटेलं, पोलिसठाणी, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी काउंटरवर दिली गेली. किती पाकिटांबद्दल मालकाला कळवलं गेलं, यात देशादेशांत मोठी तफावत होती. पण पाकिटात पैसे असले की परत देण्याचं प्रमाण वाढतं, ही गोष्ट जवळजवळ सगळीकडे दिसली. जाणकारांचा अंदाजही उलटा होता.

लोकरीत, नीती, कायदा: फरक कसा ओळखायचा?

मोडल्यावर काय होतं ते पाहा. लोक हसले किंवा कुजबुजले, तर लोकरीत. लोक संतापले, तर नीतीचा प्रश्न. पोलीस आले, तर कायदा. पहिल्या दोहोंतला भेद विल्यम ग्रॅहम समनर यांनी 1906 सालीच मांडला होता. परक्या माणसाकडून होणाऱ्या बहुतेक चुका पहिल्या प्रकारातल्या असतात आणि माफ होतात. दुसऱ्या प्रकारातल्या तेवढ्या आधी विचारून घ्याव्यात.

समाजासमाजांत हे फरक मुळात आले कुठून?

एकच कारण कुठेही नसतं. पण काही धागे चांगले तपासले गेले आहेत. भातशेतीला पाण्याचं नियोजन सामायिक लागतं आणि लावणी-कापणीला एकमेकांची मदत. गव्हाचं पीक एका कुटुंबाला त्या मानाने एकट्याने निभावता येतं. थॉमस टालहेम आणि सहकाऱ्यांनी 2014 साली चीनमधल्या सहा ठिकाणच्या 1,162 विद्यार्थ्यांची तुलना केली. भाताच्या पट्ट्यातून आलेल्यांचा विचार जास्त संबंध जोडणारा आणि गव्हाच्या पट्ट्यातल्यांचा जास्त सुटं करून पाहणारा निघाला. देश एक, वंश एक, आणि हे विद्यार्थी स्वतः शेती करणारे नव्हतेच.

याच संशोधकांनी पुढे चीनमधल्या कॉफीच्या दुकानांत खुर्च्या जवळजवळ ढकलून वाट अडवली आणि लोक काय करतात ते पाहिलं. गव्हाच्या पट्ट्यातल्या शहरांत खुर्ची बाजूला सारणारे जास्त, भाताच्या पट्ट्यात अंग चोरून मधून निघून जाणारे जास्त. परिस्थिती बदलायची की स्वतःला तिच्यात बसवायचं, हा मोठा प्रश्न दोन सेकंदांच्या एका हालचालीत दिसला.

दुसरा धागा नांगराचा. एस्टर बोसरप यांनी 1970 साली मांडलं की नांगराला खांद्यांची ताकद लागते, म्हणून नांगरशेतीत शेत पुरुषाकडे आणि घर बाईकडे अशी वाटणी पडली. कुदळीच्या शेतीत तशी पडली नाही. 2013 साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी हे आकड्यांवर तपासलं. ज्यांच्या पूर्वजांत नांगर होता त्या समाजांत आजही घराबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सरासरीने कमी आढळलं. अवजार गेलं, वाटणी राहिली. 'हे तर नैसर्गिकच आहे' असं ज्याबद्दल म्हटलं जातं, त्यातलं कितीतरी असंच जुन्या सोयीतून आलेलं असतं.

रोजच्या वागण्यात संस्कृती नेमकी कुठे पाहायची?

अंतर, वेळ, बोलण्याची पाळी आणि चेहरा. बाकीचं नंतर.

अंतर: एडवर्ड हॉल यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या निरीक्षणांवरून चार पट्टे सांगितले. सुमारे 45 सेंटिमीटरपर्यंत अगदी जवळची माणसं, तिथून 1.2 मीटरपर्यंत मित्र-परिचित, 3.6 मीटरपर्यंत कामाचे संबंध, त्यापुढे सार्वजनिक. आकडे सगळीकडे लागू नाहीत, पट्टे मात्र सगळीकडे आहेत. 2017 सालच्या 42 देशांतल्या सुमारे 9,000 लोकांच्या अभ्यासात हवंसं वाटणारं अंतर देशागणिक बरंच बदललेलं दिसलं. समोरासमोर उभी दोन माणसं बघा. एकाला जवळ उभं राहायची सवय, दुसऱ्याला लांब. पहिला अर्धं पाऊल पुढे येतो, दुसरा अर्धं पाऊल मागे सरतो, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि दहा मिनिटांत दोघं खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्याला वाटतं हा तुटक आहे. दुसऱ्याला वाटतं हा अंगावर येतो. पावलांकडे दोघांचंही लक्ष नसतं.

वेळ: रॉबर्ट लेव्हाइन यांनी 31 देशांतल्या मोठ्या शहरांत तीन गोष्टी मोजल्या: चालण्याचा वेग, टपाल कारकुनाला तिकीट द्यायला लागणारा वेळ, बँकेतल्या घड्याळांचा अचूकपणा. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या या क्रमवारीत स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी वर होते; मेक्सिको, इंडोनेशिया, ब्राझील खाली. उशीर करणाऱ्याला बेफिकीर ठरवण्याआधी हे पाहा की त्याच्याकडे 'उशीर' कितव्या मिनिटाला सुरू होतो. काही ठिकाणी पाचव्या, काही ठिकाणी तिसाव्या. शिवाय काहींच्या लेखी चालू संभाषण मध्येच तोडून निघणं हा उशिरापेक्षा मोठा अपमान असतो.

बोलण्याची पाळी: प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? 2009 साली दहा भाषांत हे मोजलं गेलं. सरासरी साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत ती 7 मिलिसेकंद, डॅनिशमध्ये 469. कानाला अर्धा सेकंदही जाणवतो. ज्याला लांब थांबण्याची सवय आहे त्याला वाटतं समोरचे बोलू देत नाहीत. ज्याला कमी थांबण्याची आहे त्याला वाटतं याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मिश्र बैठकीत हा दोष हमखास येतो. उपाय: प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, आणि ज्यांनी अजून तोंड उघडलं नाही त्यांना नाव घेऊन विचारा.

चेहरा: भावना सगळ्यांना होतात, त्या कुणासमोर दाखवायच्या हे शिकलेलं असतं. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना त्रासदायक चित्रफिती दाखवल्या. एकटे असताना दोघांचे चेहरे सारखेच आक्रसले. प्रयोगकर्ता खोलीत आला की जपानी विद्यार्थी हसऱ्या चेहऱ्याने ते झाकू लागले. म्हणून हसणारा माणूस खूशच आहे आणि निर्विकार माणूस थंडच आहे, असं धरून चालू नये.

समोरचा 'हो' म्हणाला आणि काम झालंच नाही. हे फसवणं आहे का?

बहुतेक वेळा नाही. जिथे नातं जपणं हे माहिती देण्याइतकंच महत्त्वाचं मानतात, तिथे 'हो' चा अर्थ 'ऐकलं', 'तुमचा मान ठेवला', 'बघतो' असा काहीही असू शकतो. नकार शब्दांत येत नाही, तो विराम, विषयांतर किंवा 'जरा अवघड आहे' यात येतो. थेट बोलणाऱ्या रीतीतला माणूस हे संकेत ऐकतच नाही. उलट, सूचक रीतीतल्या माणसाला थेट 'नाही' हा तोंडावर मारलेला शब्द वाटतो.

कामात हे टाळायचं असेल तर 'जमेल ना?' हा प्रश्न आधी सोडा, कारण त्याचं एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी विचारा: 'यात पहिली अडचण कुठे येईल?', 'सुरुवात कशापासून करणार?', 'कुठल्या तारखेला काय हातात येईल?' खऱ्या होकाराला तपशील असतो. पोकळ होकाराला तो नसतो, आणि इथेच कळतं. हे प्रश्न चारचौघांत विचारू नका. सगळ्यांसमोर अडचण कबूल करणं अनेकांना जड जातं. वेगळं बोला, ठरलेलं दोन-तीन ओळींत लिहून पाठवा आणि त्यात एक मधली तारीख ठेवा. शेवटच्या दिवशी विचारपूस करणं हीच सगळ्यात मोठी चूक असते. आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर एकदा जरी ओरडलात, तर पुढच्या वर्षभरात खरा नकार कानावर येणार नाही.

नियम बदलला की वागणं बदलतं का?

वागणं बदलू शकतं, तेही एका रात्रीत. 3 सप्टेंबर 1967 च्या पहाटे 5 वाजता स्वीडनने वाहनं डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने चालवायला सुरुवात केली. आधी मोठी जनजागृती झाली होती, खुणा बदलल्या होत्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकट्याने जुन्या बाजूला राहण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

जिथे मोडण्यात फायदा असतो, तिथलं चित्र न्यूयॉर्कमध्ये दिसलं. संयुक्त राष्ट्रांतल्या परदेशी मुत्सद्द्यांना पार्किंगचा दंड वसूल होण्यापासून संरक्षण होतं. 1997 ते 2002 या काळात दीड लाखांच्या आसपास दंडपावत्या न भरता पडून राहिल्या. शहर एक, नियम एक, शिक्षा शून्य. आणि तरी ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो तिथल्या मुत्सद्द्यांच्या पावत्या सरासरीने जास्त होत्या. नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या नावावर एकही थकलेली पावती नव्हती. माणसं सवयी सोबत घेऊन आली होती. 2002 च्या अखेरीस पावत्या न भरणाऱ्यांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात झाली आणि उल्लंघनं सुमारे 98 टक्क्यांनी घटली.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: लक्ष ठेवणारं कुणी नसेल तेव्हा संस्कृती दिसते, आणि नीट अंमलबजावणी तिच्यावर मात करते. 'आपल्या लोकांची वृत्तीच तशी' म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य विसरू नये.

देशांच्या सांस्कृतिक गुणांकांवर किती विसंबावं?

जपून. गुणांक म्हणजे व्यक्तिवादासारख्या एकेका सांस्कृतिक गुणासाठी प्रत्येक देशाला दिलेला आकडा. डच संशोधक खीर्त हॉफस्टेड यांचे प्रसिद्ध गुणांक 1967 ते 1973 दरम्यान आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवर उभे राहिले. कंपनी एक असल्याने तुलना सोपी झाली, पण शेतकरी, बेकार, म्हातारी माणसं त्यात नव्हतीच. आणखी एक अडचण: 2008 सालच्या एका आढाव्यानुसार मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले 96 टक्के सहभागी जगाच्या 12 टक्के लोकसंख्येच्या देशांतले होते. 'माणूस असा वागतो' या वाक्यातला माणूस कुठला, हे विचारलंच पाहिजे.

गुणांक वाचताना होणारी ठरावीक चूक म्हणजे देशाची सरासरी समोरच्या माणसाला चिकटवणं. देशाची सरासरी उंची माहीत असून समोरच्या माणसाचे कपडे बेतता येत नाहीत. माप घ्यावंच लागतं. गुणांकाने प्रश्न सुचावा. उत्तर त्या माणसाकडून घ्यावं.

मग सांस्कृतिक माहिती आणि साचेबंद समज यांत फरक काय?

माहिती खोटी ठरू शकते आणि ती दुरुस्त करता येते. समज अपवादालाही पचवतो: 'हा वेगळा आहे, बाकीचे तसेच'. आपण एखाद्या गटाबद्दल शेवटचं मत कधी बदललं होतं, हे आठवत नसेल तर सावध व्हावं.

नव्या संस्कृतीत गेल्यावर त्रास का होतो आणि किती दिवस?

दिवसभरातले शेकडो छोटे निर्णय, जे एरवी आपोआप होतात, ते सगळे विचार करून घ्यावे लागतात. थकवा त्याचा असतो. कॅलेर्वो ओबर्ग यांनी 1960 साली हा 'कल्चर शॉक' वर्णन केला: आधी अप्रूप, मग चिडचिड, मग सावरणं, मग रुळणं. पण हा क्रम सगळ्यांना लागू होत नाही. अनेकांना त्रास पहिल्याच आठवड्यात सर्वांत जास्त होतो. ठरावीक मुदत सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

जॉन बेरी यांनी चार वाटा सांगितल्या: दोन्ही संस्कृती धरणं, जुनी सोडून नवी घेणं, जुनीच धरून बसणं, आणि दोन्हींतून तुटणं. पहिली वाट सहसा मानसिकदृष्ट्या निरोगी ठरते, तर चौथी सर्वांत त्रासदायक. मात्र निवड पूर्णपणे आपल्या हातात नसते. यजमान समाज दार उघडत नसेल तर पहिली वाट बंदच असते, आणि त्याचा दोष येणाऱ्याला देणं अन्यायाचं आहे.

पहिल्या महिन्यात करण्यासारखं: निदान एक स्थानिक माणूस असा शोधा, ज्याला मूर्ख वाटणारे प्रश्न बिनदिक्कत विचारता येतील. रोज किमान तासभर स्वतःच्या भाषेत बोला. ती विश्रांती आहे, पळवाट नाही. परत आल्यावरही असाच धक्का बसतो, आणि तो जास्त लागतो, कारण त्याची अपेक्षा कुणीच केलेली नसते.

'आमची संस्कृतीच अशी आहे' हे समर्थन चालतं का?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एखादी रीत समजून घेताना तिला तिच्याच संदर्भात पाहायचं, ही शिस्त मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यापासून या शास्त्राने पाळली आहे आणि ती योग्य आहे. पण समजून घेणं म्हणजे मान्यता देणं नाही. रीतीची किंमत कोण मोजतं? तिचं समर्थन कोण करतं? किंमत मोजणाऱ्याला 'नको' म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर त्याचं काय होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी माणसं असतील, तर 'आमची' या शब्दात नेमके कोण मोडतात हे आधी स्पष्ट करायला सांगावं. प्रत्येक संस्कृतीत तिच्यातल्या अन्यायाविरुद्ध बोलणारी माणसंही असतात, आणि तीसुद्धा त्याच संस्कृतीची असतात.

स्वतःची संस्कृती आपल्याला दिसत नाही. ती कशी पाहायची?

सात दिवस एक वही ठेवा. दिवसातून ज्या ज्या वेळी कुणाच्या वागण्याने 'असं कसं वागतात लोक!' वाटेल, त्या वेळी चार ओळी लिहा. पहिली: नेमकं काय दिसलं आणि ऐकू आलं, विशेषणाशिवाय. 'उद्धटपणे बोलला' लिहू नका. 'मी बोलत असताना फोन उचलला' लिहा. दुसरी: मला काय अपेक्षित होतं. तिसरी: ती अपेक्षा मी कुठे, कुणाकडून शिकलो. चौथी: त्या वागण्याचा दुसरा एखादा चांगला अर्थ.

पहिले दोन दिवस पहिल्या ओळीत विशेषणं घुसतीलच. ती खोडून वाक्य पुन्हा लिहा. तिसऱ्या ओळीत 'सगळ्यांनाच माहीत असतं' असं सुचलं की तिथे खूण करा. आठवड्याच्या शेवटी फक्त या खुणा केलेल्या नोंदी वाचायच्या. दुसऱ्या पार्श्वभूमीच्या एखाद्या मित्राने त्या वाचल्या तर आणखी उत्तम. तुम्ही जिथे थांबलाच नाहीत, अशा एखाद्या ओळीवर तो हमखास थांबतो.